डबीतलं भिंग

शर्टाच्या बटणाहून लहान, कडेला केसाएवढे दोन वाकडे पाय... मोतीबिंदू काढून डोळ्यात बसवलेलं ते कृत्रिम भिंग इतकं नितळ, की डबीत आहे की नाही हे बघायला प्रयोगशाळेत तिला दिवा तिरका करावा लागला. पाण्यात मृत सापडलेल्या माणसाचा चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता, भिंग मात्र जसंच्या तसं — आणि बाहेर बाकावर बसलेल्या बाईंच्या बेपत्ता नवऱ्याचं भिंग सिलिकॉनचं होतं, एवढं त्यांच्या डॉक्टरांनी कळवलं होतं. यंत्रातून प्रकाश सोडायचा, परत येणाऱ्या प्रकाशाची रेघ बघायची, त्यावरून पदार्थ ओळखायचा. रोजचंच काम. पण सकाळी त्या बाई म्हणाल्या होत्या, “ताई, वाचायचा चष्मा घरीच राहिलाय हो त्यांचा. चष्मा विसरला की अर्ध्या वाटेतून परत येतात, इतकी वर्षं बघतेय मी...” आणि तेव्हापासून तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. नसू दे गं बाई, नसू दे तो यांचा नवरा.

पडद्यावर रेघ चढत, उतरत गेली. ॲक्रिलिक, बहुतेक भिंगं असतात तसं! सिलिकॉनचा मागमूस नाही! तिचा जीव भांड्यात पडला. अहवालावर साहेबांची सही होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, हे काय तिला कुणी शिकवायला हवं होतं? तरी पाणी प्यायचं निमित्त करून ती बाहेर गेलीच. बाईंनी मान वर केली, आणि ती हसली. नुसती हसली... बाईंनी तिचे दोन्ही हात घट्ट धरले आणि हमसून हमसून रडायलाच लागल्या.

आत येऊन तिनं डबी उचलली, तर झाकण लावलेलंच. पारदर्शक, ॲक्रिलिकचं झाकण.

म्हणजे प्रकाश झाकणावरूनच परत आला होता. यंत्र खोटं बोलत नाही, आपणच त्याला भलतंच विचारतो, असं साहेब चहा पिता पिता नेहमी म्हणत, आणि सगळे हसत. झाकण काढणं ही तर पहिली पायरी — मी आज एवढी घाई कसली केली? “नाही” ऐकायची घाई, दुसरं काय!

तिनं झाकण काढलं. पुन्हा प्रकाश सोडला. दाराबाहेर बाई कुणाला तरी फोनवर सांगत होत्या, “नाहीत ते, अगं खरंच नाहीत...” रेघ डावीकडून हळूहळू सरकू लागली, आणि ती पुन्हा मनात तेच म्हणू लागली, नसू दे, नसू दे... सकाळी हे त्या बाईंसाठी होतं. आता ते आपल्या त्या हसण्यासाठी आहे, हे तिला कळलं, आणि पडद्याकडे बघायची तिला लाज वाटली.