गुळाविना तेल

मिरजेहून वैद्य चंद्रमौळींचं पत्र आलं त्याला दोन दिवाळ्या होऊन गेल्या, तरी पांडुरंगरावांनी उत्तर धाडलं नव्हतं. तंजावरच्या शाळेत दोघे एका बाकावर बसलेले. "भेगाळलेल्या टाचांसाठी मी वापरतो ते विलायती ओझोन-तेल आता मिळेनासं झालंय. तू जन्मभर कॉलेजातली विज्ञानाची उपकरणं सांभाळलीस. तुला करता येईल?" एवढंच पत्रात विचारलं होतं. येत नाही, असं लिहायची लाज. येतं म्हणावं, तर तेल दाद देईना.

कुंभकोणातल्या घराच्या मागल्या पडवीत सगळा संसार मांडलेला: मोडीत निघालेली विजेची कॉइल, काचेची नळी, आणि हवा ढकलायला भजनी मंडळाच्या जुन्या हार्मोनियमचा भाता. नळीतल्या विजेने हवेचा ओझोन होई आणि तो तिळाच्या तेलात बुडबुडे काढी. त्याने तेल तुपासारखं थिजायला हवं. पण दर खेपेला ते तांबूस होऊन पातळच राही.

"इतका भाता भजनात मारला असता, तर विठोबा इथे राहायला आला असता," त्यांच्या पत्नी मीनाक्षीबाई म्हणाल्या. "उठा, इडली निवते आहे."

चटणीच्या पुडीवर त्यांनी तेच घाण्याचं तिळाचं तेल ओतलं. पांडुरंगराव पहिल्या घासालाच थबकले. जन्मभर हेच तेल खाल्लेलं, म्हणून ही गोडी तिळाचीच वाटत आली होती. पण ती तर ताडगुळाची! इथला तेली घाण्यात तीळ घातले की वर गुळाचा खडा टाकतोच. गूळ आला म्हणजे ओलही आली, आणि त्या ओलीनेच तेल थिजत नव्हतं.

हात न धुताच ते तेली स्वामीनाथकडे गेले.

"गुळाविना?" तो ओरडला. "असलं कडू तेल घाण्यातून निघालं तर माझा बैलसुद्धा लाजेल, स्वामी!"

"बैलाला मी समजावतो. तू गाळ."

नवं तेल नळीला लावलं. पडवीत वीज कडाडून गेल्यासारखा वास दाटला. चौथ्या दिवशी तेल पांढुरकं होऊन बसलं.

"जरा दाटलंय, वाटतं," ते पुटपुटले.

मीनाक्षीबाईंनी बाटली उचलली आणि सरळ त्यांच्या धुवट धोतरावर पालथी धरली. थेंब पडला नाही.

"अहो, आता तरी लिहा!"

त्यांनी लिहिलं, "बहुधा जमलं." वाचलं, आणि 'बहुधा' खोडलं. खाली जोडलं: "बाटली वेगळी धाडतो; टाचांना गुण येतो का, ते तू पाहा. तेल मात्र मी केलं."

मग छाती काढून ते भर बाजारातून चालत गेले आणि पत्र पेटीत टाकलं.