विश्रांतीच्या वेळेतली घंटा

पिवळे मोजे पाहून सीट्से खो खो हसला. "हे त्या आजोबांना घाल गं, टेट्स्के. मी बावन्नाचा आहे. सगळा जन्म चर्चच्या छपरांवर काढलाय!"

नर्स टेट्स्केने ते न घसरणारे मोजे त्याच्या पायाशी टाकले. "गोळ्यांनी रक्तदाब उतरलाय तुझा. उठायचं झालं तर घंटा वाजव. मोज्यांची सक्ती सत्तरीपुढच्यांनाच आहे, म्हणून नुसतं सांगतेय."

"सांगून झालं ना? मग पळ."

त्याचं पित्ताशय नुकतंच काढलं होतं. दुपारच्या कॉफीनंतर व्यायामवाली बाई येणार होती. तिच्यासमोर धड चालून दाखवलं की आजच घरी, आणि सोमवारी छपरावर. नाहीतर ते काम मेव्हण्याच्या घशात जाणार. मेव्हणा टपूनच बसला होता.

दोघांच्याच त्या खोलीत शेजारच्या खाटेवर वीब्रेन, पिवळ्या मोज्यांवाला म्हातारा. काल दुपारी, ऑपरेशनच्या आधी, तो सारखी घंटा वाजवतो म्हणून सीट्सेने ती उचलून वर दिव्याच्या दांडीला टांगली होती. म्हातारा गयावया करत राहिला, "अरे, लघवीला लागलीय रे."

"कळ काढा, आजोबा. कॉफीला येतीलच."

शेवटी म्हाताऱ्याने गादी ओली केली. टेट्स्के त्यालाच ओरडली, आणि हा नालायक उशीत तोंड खुपसून हसला.

आज जेवणं उरकली, दिवे मालवले, दारं लागली. नेदरलँड्सच्या फ्रीसलंडातल्या त्या इस्पितळात दुपारची विश्रांती म्हणजे विश्रांती. घंटा वाजल्याशिवाय कुणी फिरकत नाही. तेवढ्यात चार पावलं टाकून पाहावीत म्हणून सीट्से अनवाणीच उठला. डोळ्यांपुढे अंधारी आली. त्याने जेवणाचं टेबल धरलं, पण त्याला चाकं होती, ते सरकलं. पाठ खाटेच्या लोखंडावर आदळली आणि तो खाली कोसळला. त्याची घंटा वर गादीवरच राहिली.

"आजोबा! घंटा!"

म्हाताऱ्याची घंटा आज टेट्स्केने त्याच्या सदऱ्यालाच अडकवून दिली होती. त्याने मान वळवून खाली पाहिलं. "फार दुखतंय का रे?"

"पाय हलत नाहीयेत हो. वाजवा ना. पाया पडतो तुमच्या!"

"कळ काढ," म्हातारा म्हणाला. "कॉफीला येतीलच." घंटा दोन्ही मुठींत घट्ट धरून तो भिंतीकडे वळला.

सीट्से ओरडू लागला, पण बंद दारापलीकडे जाईल एवढा आवाजच निघेना. मग तो लहान मुलासारखा रडला. म्हातारा हलला नाही.

कॉफीची गाडी आली तेव्हा टेट्स्के कप टाकून धावली. "अजिबात हलू नकोस! पायाची बोटं दाबते, कळलं की सांग."

सीट्सेने डोळे मिटून वाट पाहिली. "अगं, दाब ना मग."

"दाबतेय, सीट्से," ती म्हणाली. "केव्हापासून दाबतेय."