चुलीची माती

"कोनी नेली माजे चुलीची माती? बऱ्या बोलानं सांगा, न्हायतर मंग बगा!"

आमच्या मोरव्याच्या आळीत जयवंतीचा आवाज चढला की कोंबड्याही ओट्याखाली जातात. त्या दिवशी मी नुकता मुळा उपटून आणला होता, जुड्या बांधायला बसले होते. हातातलं काम सोडून मी तिच्या मागल्या पडवीत गेले. न जाऊन सांगते कोणाला? मी नाही गेले तर ती माझ्या दारात येते.

पडवीत जयवंती चुलीपुढे उकिडवी बसली होती, आणि तिची धाकटी जाऊ रसिका डबा भरून कामाला निघालेली, मधल्या दारात उभी होती. या घराची कथा अशी, की जयवंतीचा सुभाष आणि रसिकाचा जितेंद्र या दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा घर वाटलं, मळा वाटला, विहिरीवरच्या मोटारीच्या पाळ्या लागल्या. ही मातीची चूल तेवढी सामाईक राहिली. दोन्ही घरांत गॅस आहे, पण तांदळाची भाकरी आणि भाजका बोंबील चुलीशिवाय जयवंतीच्या घशाखाली उतरत नाही. आणि रसिकाला त्या जागी न्हाणीघर बांधायचं होतं. एवढं कारण जयवंतीला पुरे.

"बग वयनी," जयवंती मला म्हणाली, "मागले अंगाला कशी कोरलीय ती. मूठभर माती गेलीय. चुलीची माती नेतात ती काय कुंडीत घालाला? करनीच कराची असंल कोनाला तरी. माजी पोर तवाच वालत चाललीय."

"ताई, मी तुमच्या चुलीला हात पण लावत नाही," रसिका म्हणाली. ती मीरा रोडची, तिथंच एका लॅबमध्ये काउंटरवर बसते. "उगाच माझ्याकडे बघून बोलू नका."

"मी कोनाचं नाव घेतलं? ज्याचं असंल त्याला लागंल."

रसिकाने चपला पायात सरकवल्या आणि ती निघून गेली. मी वाकून पाहिलं. चूल भिंतीपासून वीतभर सोडून घातलेली. मागे हात वाकडा करूनच घालावा लागतो. मला काहीच दिसेना. बोटांनी चाचपलं तेव्हा कुठे खड्डा लागला.

"तुला गं कसं दिसलं हे?" मी विचारलं. "माझ्या चुलीची मागली बाजू मी जन्मात पाहिली नाही."

"माजी चूल हाय ती. मना न्हाय कलनार तं कोनाला?" असं म्हणून तिने विषय मुळ्याच्या भावावर नेला. मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण सगळ्या आळीचा संशय रसिकाकडे निघाला होता. मीही त्याच गर्दीत होते.

पोर वाळत चालली होती हे मात्र खरं. निशिगंधा, आमची निशी, नववीत. मागल्या वर्षी हळदीत नाचायला सर्वांत पुढे असायची. यंदा कोपऱ्यात खुर्चीवर बसून राहिली. तोंड पिवळं पडलेलं, जिना चढली की धाप लागायची. शाळेतून निरोप आला होता की बाकावर झोपते. विचारलं तर "काय न्हाय" म्हणायची आणि मान फिरवायची. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे मोबाईल. जयवंतीने मोबाईल काढून घेतला, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, लिंबू बांधलं. पोर जास्तच गप्प झाली.

आता चोर धरायचा म्हणून जयवंतीने युक्ती केली. कपड्यांची नीळ ओल्या मातीत कालवली आणि चुलीच्या मागल्या अंगाला लिंपली. मला कानात सांगितलं, "जिचे बोटांना निलं लागंल, तिचे झिंज्या माजे हातात."

दुसऱ्या दिवशी रसिकाला सुट्टी होती. जयवंतीची सकाळ तिच्या बोटांवर नजर ठेवण्यात गेली. चहा द्यायच्या निमित्ताने हात बघितला, कपडे वाळत घालताना बघितला. स्वच्छ. जयवंतीचा जीव वरखाली. दुपारी शाळा सुटून निशी आली. दप्तर टाकून मागे गेली, पाणी प्यायली, पुढे ओट्यावर आली. ऊन तोंडावर पडलं आणि मी पाहिलं. पोरीचे ओठ निळे होते. दात निळे.

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं.

जयवंतीने वळून पाहिलं. आधी ती घाबरली. पोटच्या पोरीच्या तोंडात नीळ गेली होती. तिला ओढत मोरीवर नेलं, बोटं घालून तोंड धुतलं, खळखळून चुळा भरायला लावल्या. मग तिच्या डोक्यात काहीतरी दुसरंच आलं. मी तिचा चेहरा बदलताना बघितला, आणि तेच माझ्याही मनात आलं होतं. आमच्याकडे बाई चुलीची माती कधी खाते हे कोणाला सांगावं लागत नाही. डोहाळे लागले की. जयवंतीनेही खाल्ली होती, याच निशीच्या वेळी, आणि आम्ही तिला हसलो होतो.

"कवापासून खातंस?" तिने निशीचा दंड धरला.

"लय दिवस झालं."

"कोनाचं हाय?"

"काय कोनाचं?" निशीला समजेचना.

जयवंतीने एक थप्पड दिली. "पोटातला! कोनाचं हाय तं बोल!"

पोरीने आईकडे असं पाहिलं की मला आजही ते आठवलं की जेवण जात नाही. ती रडली नाही. भिंतीला टेकली, हळूहळू खाली बसली आणि डोळे मिटले. बोलावलं तर उत्तर नाही. हात गार.

रसिका धावत आली. तिने कोणाला विचारलं नाही. निशीला मांडीवर आडवी घेतली, डोळ्याखालची कातडी अंगठ्याने ओढून पाहिली आणि म्हणाली, "ताई, हिच्या अंगात रक्तच नाहीये. आतला भाग पांढरा पडलाय बघा. काय बोलताय तुम्ही पोरीला?"

"तू नको शिकवू मना!"

"शिकवत नाही. रिक्षा बोलवा."

सुभाषची स्वतःचीच शेअर रिक्षा, स्टेशन ते मोरवा. तो सवारी सोडून आला. मागे आम्ही तिघी आणि मांडीवर पोर. रस्ताभर जयवंती पुटपुटत होती, "देवा, तसलं काय नको निगू दे." सुभाष पुढे बघून चालवत होता, पण कान मागे होते. दर खड्ड्याला तो रिक्षा अशी हळू करायचा की जणू मागे अंडी भरली आहेत.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. निशीशी एकटीशी बोलल्या. बराच वेळ. जयवंती दाराला कान लावायला निघाली, तर रसिकाने तिचा हात धरून खाली बसवलं. रक्त काढलं. रिपोर्ट येईपर्यंत आम्ही बाहेरच बसलो.

मग आत बोलावलं. "प्रेग्नन्सी वगैरे कुछ नहीं है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त खूप कमी आहे. पाळी दहा-दहा दिवस चालते तिची, आणि जास्त जाते. किती महिने झाले, माहीत आहे तुम्हाला?"

"मी सांगितला होता," निशी हळूच बोलली. "आये बोलली, सगल्यांनाच होते, गाजावाजा नको करू."

जयवंतीने पदर तोंडाला लावला.

"रक्त कमी झालं की काहींना माती खावीशी वाटते, कच्चे तांदूळ, खडू. चक्कर येते, मन पण उदास होतं. तिला वाटत होतं ती वेडी होतेय. घरात सांगायला घाबरत होती."

"मना वास आयला का रावतच न्हाय," निशी म्हणाली. "मी आपली आपनच ठरवला, आपन येडी झालो. काकीवर नाव आला तरी माजी सांगाची छाती न्हाय झाली." आणि आता ती रडली, रसिकाच्या खांद्यावर. आईच्या नाही. जयवंतीने ते पाहिलं.

"डोहाळ्यांत माती खातात, त्यात पण बऱ्याच वेळा रक्तच कमी असतं," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. "तुमचं पण तपासून घ्या ना, आई."

"मना काय धाड भरलीय?" जयवंती चटकन उठली. "माजे पोरीचं बगा."

उपचार सुरू झाले. गोळ्या, पाळीचं औषध, आणि दर आठवड्याला डॉक्टरीणबाईंशी नुसतं बोलायला जायचं. नेणारी रसिका. सुभाषने एक दिवस औषधाच्या दुकानातून पॅडचं पाकीट आणलं, तेही काळ्या पिशवीत न घालता, रिक्षा स्टँडवरून हातात धरून. चार रिक्षावाले बघत होते. "पोरीचं हाय," तो म्हणाला आणि चालू पडला. हा माणूस आयुष्यात कधी एवढं बोलला नव्हता. मला त्याचा फार अभिमान वाटला.

जयवंतीने चूल नव्याने लिंपली. रसिकाची माफी तिने काही मागितली नाही, तो तिचा स्वभावच नाही. पण पहिली भाकरी तव्यावरून उतरली की मधल्या दारातून पलीकडे जायला लागली. जागा न्हाणीघराला घे असंही एकदा बोलली. रसिका म्हणाली, "राहू दे चूल."

पोरीवरचा संशय मात्र गेला नाही. शाळेतून आली की, "तोंड उघर. जीब दाखव." रोज. निशी मुकाट्याने दाखवायची. तिच्या गालावर रंग परत आला, मोगऱ्याच्या कळ्या खुडताना गुणगुणायला लागली. मातीची ओढ गेली. असं ती म्हणायची. पण शिमग्याच्या आधी चूल मागून पुन्हा कोरलेली निघाली.

या वेळी जयवंतीने आरडाओरडा केला नाही. निशीलाच तो खड्डा बोटांना लागला. पोरीने माझ्याकडे येऊन एवढंच विचारलं, "काकू, तुमी तं न्हाय ना खात?" मी म्हटलं, मला काय झालंय! तिने मान हलवली आणि गेली. आईचीच मुलगी ती. गप्प राहून पाळत ठेवली.

दोन दिवसांनी माझ्या कोंबडीने जयवंतीची मेथी उकरली. झालं. ती कमरेला पदर खोचून माझ्या ओट्यासमोर उभी राहिली आणि तोंड सोडलं. "तुजे कोंबरीला बांधून ठेव वयनी, न्हायतर कालवन करीन तिचं!" आळीतले सगळे बाहेर आले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. जयवंतीची जीभ हिरवीगार होती. दातांच्या फटी हिरव्या.

पोरं हसायला लागली. जयवंतीला कळेना काय झालं. तेवढ्यात निशी मागून आली, आईसमोर उभी राहिली.

"जीब दाखव."

जयवंतीने तोंड मिटलं. म्हणजे त्या पहिल्या वेळीही, आपण स्वतः खातो त्याहून जास्त माती गेली म्हणूनच तिला खड्डा कळला होता. चौदा-पंधरा वर्षं ती बाई भाकऱ्या थापता थापता मागे हात घालत होती, सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खात होती, आणि कोणीही तिच्याकडे वळून पाहिलं नव्हतं. मी तर समोर राहते.

"भिऊ नको आये," निशीने तिचा हात धरला. "मी नील न्हाय लावली. खायचा रंग लावलाय. चल, पाय धू. काकीनी दवाखान्यात तुजा नंबर लावलाय, बाबा रिक्षा घेऊन उभा हाय."

सुभाषने नाक्यावरून हॉर्न वाजवला. जयवंती तोंड मिटून चालायला लागली, आणि तिच्या दुसऱ्या हाताला रसिका होती.