शिशाचं सील

श्रीपतने पक्कड तारेला लावली आणि पुन्हा मागे घेतली.

तार बारीक होती, दोन पदरी पिळलेली. तिच्या टोकाला हरभऱ्याएवढं शिशाचं सील डिझेल पंपाच्या झाकणावर चपटं दाबून बसवलं होतं. सीलावरची जर्मन अक्षरं श्रीपतला वाचता येत नव्हती. पण तीन वर्षं रोज सकाळी बॉनेट उघडून तेल बघताना ती त्याच्या डोळ्यांखालून गेली होती.

"माज्यासाठी थांबला असाल तर नका थांबू," मोहियुद्दीन मिस्त्री म्हणाला. "मी सील तोडनार नाय. दुसऱ्याची वस्तू हाय. तुमी तोडा, नायतर मुंबईला न्या."

"तोडलं तर नक्की चालू होईल का?"

"तसं मी बोललो नाय."

खालापूर फाट्यावर, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला मोहियुद्दीनची पत्र्याची शेड होती. घाटात दम टाकलेले ट्रक त्याच्याकडे यायचे. बॉनेट उघडल्यावर तो आधी कशालाच हात लावत नसे. पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडावर धरायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. आज ऐकण्यासारखं काही नव्हतंच. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरत होतं. डिझेल पुढे जात नव्हतं.

"असला पंप एकदाच खोलला मी," तो म्हणाला. "पनवेलच्या एका शेठच्या गाडीचा. तो चालला. हा चालंल का ते खोलल्याबिगर कसं सांगू? आत काय तुटलं असंल तर ट्रकचं बसवून बघीन. आनि बसवताना आनखी काय मोडलं, तर मंग गाडी गेली. कंपनी हात लावनार नाय, नि मला जमनार नाय."

गाडी दवाखान्याची होती. कर्जतच्या ट्रस्टच्या दवाखान्याला जर्मनीतल्या कुठल्याशा चर्चने ती भेट दिली होती. पांढरी, उंच टपाची, आत दोन स्ट्रेचर. एकच अट होती: कंपनीच्या मुंबईतल्या वर्कशॉपशिवाय कुणी इंजिन खोलायचं नाही. खोललं तर जर्मनीहून पार्ट यायचे बंद. ती अट मराठीत टाइप करून घेतलेल्या कागदावर श्रीपतची सही होती. फौजेत सात वर्षं ट्रक चालवून तो दहिवलीला परत आला होता, आणि ज्या दिवशी ती सही केली त्याच दिवशी त्याला ही नोकरी लागली होती.

काल सकाळी पनवेलहून सलाइनच्या पेट्या घेऊन येताना चौकच्या अलीकडे गाडी बंद पडली होती. कशेळ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत जुलाब-उलट्यांची साथ होती. विहीर आटली होती आणि लोक ओढ्यातल्या डबक्याचं पाणी पीत होते. डॉक्टरबाई तिथेच मुक्कामाला होत्या. गाडीत श्रीपतबरोबर असलेल्या चंद्राबाई सिस्टरने पेट्या एस.टी.त चढवल्या आणि ती पुढे गेली. श्रीपत गाडीपाशी राहिला, मग चौकच्या पोस्टात जाऊन मुंबईला फोन लावून बसला. फोन लागला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

"कुणाला हात लावू देऊ नका," ट्रस्टचे सेक्रेटरी वर्देसाहेब म्हणाले होते. "वर्कशॉपची गाडी येईल न्यायला. थांबा तिथेच."

तो थांबला. आज सकाळी पुन्हा फोन केला. वर्कशॉपची गाडी परवा येणार होती, आणि दुरुस्तीला दहा-बारा दिवस.

"साहेब, वाडीत माणसं आजारी हायेत."

"मला माहीत आहे. पण ही गाडी कायमची गेली तर पुढच्या साथीला काय करणार आपण? तोवर भाड्याची जीप बघा."

साहेबांचं म्हणणं खोटं नव्हतं. श्रीपत पोस्टाबाहेर आला. एक विटांचा ट्रक खालापूरकडे चालला होता. त्याने ट्रकवाल्याला हात दाखवला, दोर बांधून घेतला आणि गाडी इथवर आणली. वर्कशॉपच्या माणसांना रस्त्यापेक्षा शेडमध्ये सापडलेली बरी, असं त्याने स्वतःला सांगितलं होतं.

मग पांढरी गाडी ओळखून अकराच्या एस.टी.चा कंडक्टर फाट्यावर उतरला. चंद्राबाईने त्याच्याबरोबर चिठ्ठी दिली होती. श्रीपतने ती आतापर्यंत चार वेळा वाचली होती. *एकवीस जण पडलेत. जीपवाले वाडीचं नाव काढलं की नको म्हणतात, गाडी बाटेल म्हणतात. बाटल्या उद्यापर्यंत पुरणार नाहीत. माणसं खाली दवाखान्यात आणायलाच हवीत. गाडी कधी येते?*

त्याने चिठ्ठी पुन्हा काढली, पण उघडली नाही. खिशात ठेवली. मग वाकून पक्कड तारेला लावली आणि दाबली. फारसा आवाजही झाला नाही. सील इंजिनच्या कडेवरून घरंगळलं आणि खाली तेलकट मातीत पडलं.

मोहियुद्दीनने ते पाहिलं. शेडमध्ये जाऊन त्याने हात साबणाने धुतले, एक स्वच्छ धोतराचा तुकडा जमिनीवर अंथरला आणि मगच पाना हातात घेतला.

पुढचे साडेतीन तास दोघं कामापुरतंच बोलले. मिस्त्री एकेक तुकडा काढून कापडावर ओळीने मांडत होता. सर्वांत आतली एक स्प्रिंग तुटून दोन झाली होती, आणि तिच्यापायी दांडा अडकून बसला होता. मोहियुद्दीन मोडीतल्या ट्रकच्या पंपातली स्प्रिंग घेऊन आला. ती लांब होती. त्याने ती सहाणेवर घासली, बसवून पाहिली, काढली, पुन्हा घासली. तिसऱ्या वेळी तिचं टोक तुटलं. तशी स्प्रिंग आता एकच उरली होती.

श्रीपत रस्त्यावर जाऊन उभा राहिला. त्याला बघवेना. घाटाकडून ट्रक येत होते, जात होते. आता काही मोडलं तर वाडीत जाऊन काय सांगायचं, याचे शब्द तो जुळवू लागला आणि पहिल्या शब्दापाशीच अडकला.

"श्रीपतराव!"

तो धावत आला.

"मारा सेल्फ."

इंजिन फिरलं, खोकलं, थांबलं. पुन्हा फिरलं. मागून काळ्या धुराचा लोट निघाला आणि गाडी चालू झाली. आवाज नेहमीचा नव्हता. मध्येच एक ठोका चुकत होता. मोहियुद्दीनने पेचकस टेकवून डोळे मिटले आणि मान हलवली.

"चौथं सिलिंडर अधूनमधून मारनार नाय. चढाला जोर कमी पडंल. आनि एक लक्षात ठेवा, गरम असताना बंद करू नका. पुन्यांदा सेल्फवर चालू होईल याचा भरोसा नाय."

"मिस्त्री, तुमचं नाव मी कुठं घेनार नाय."

"घ्या की," मोहियुद्दीन हात पुसत म्हणाला. "चोरी थोडीच केली."

कर्जत मागे पडलं, कशेळं मागे पडलं. डांबर संपल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हत, धूर टाकत चढत राहिली. पाच वाजता ती वाडीच्या खालच्या शेतात पोचली. श्रीपतने हॉर्न वाजवला. लोक धावत येतील असं त्याला वाटलं होतं.

कुणी आलं नाही. झोपड्यांच्या दारांत बायका उभ्या होत्या, त्या आत सरकल्या.

डॉक्टरबाई एकट्याच उतरून आल्या. दोन दिवसांत त्यांचे डोळे खोल गेले होते, आवाज बसला होता.

"कुणी यायला तयार नाही, श्रीपत. सकाळपासून सांगतेय मी."

"का पन?"

"काल दोघींना बाजेवर घालून खाली न्यायला लावलं मी. पदूला आणि पोशाच्या आईला. दोघीही वाटेत गेल्या. आता म्हणतात, नेलेलं माणूस परत येत नाही. इथंच मरू द्या."

श्रीपतने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पदूला तो ओळखत होता. मागल्या साली याच गाडीतून तिला बाळंतपणासाठी नेलं होतं.

वाडीचा कारभारी कोंडाजी दहा पावलांवर येऊन उभा राहिला होता. काठी टेकलेली, अंगावर फक्त लंगोटी आणि खांद्यावर कांबळं. तो काहीतरी बोलत होता. त्याचे ओठ हलत होते, पण इंजिनच्या घरघरीत एक शब्द कळत नव्हता. धूर त्याच्या तोंडावर जात होता. तो खोकला आणि परत फिरला.

श्रीपतने किल्लीकडे पाहिलं. मग ती फिरवली.

एकदम सगळं शांत झालं. वरच्या झोपडीत कुणीतरी कण्हत होतं, ते ऐकू आलं.

तो उतरून कोंडाजीच्या मागे गेला आणि त्याच्यासमोर खाली मातीत बसला.

"बाबा, काल गाडीच नव्हती. म्हनून बाजेवर न्यावं लागलं. त्या दोघी गाडीत बसून गेल्या नायत."

"कुठं व्हती गाडी?"

"मोडली व्हती. चौकच्या वाटेला."

"आज चालली ती काल का नाय चालली?"

डॉक्टरबाई मध्ये काही बोलणार होत्या, श्रीपतने त्यांना हातानेच थांबवलं.

"काल करून घेता आली असती. मी फोनची वाट बघत बसलो. दिसभर."

"का बसला?"

"हुकूम नव्हता."

कोंडाजीने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"मंग आज भेटला?"

"आज बी नाय भेटला."

म्हाताऱ्याने काठीच्या टोकाने माती उकरली. मग तो आपल्या झोपडीत शिरला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर त्याची सून शकू होती, सुकून चिपाड झालेली, मान लोंबणारी. तो तिला स्वतःच घेऊन शेताकडे उतरू लागला. डॉक्टरबाई पुढे धावल्या. वरच्या झोपडीतून एक बाई डोकावली आणि आत वळून कुणालातरी हाक मारू लागली.

सात जण आत मावले. श्रीपतने सेल्फ मारला. इंजिन फिरलं, नुसतंच फिरलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. सेल्फचा आवाज जड होत गेला. कोंडाजीने मागे वळून हाळी दिली. झोपड्यांमधून पुरुष उतरले, बायकाही उतरल्या, आणि त्यांनी गाडीच्या पांढऱ्या पत्र्याला खांदे लावले. शेताच्या उतारावर गाडी घरंगळली, गचका बसला, आणि धुराच्या लोटात इंजिन पेटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पोस्टाचा शिपाई दवाखान्यात सांगत आला, मुंबईचा फोन आहे. श्रीपत वाडीकडे निघालाच होता. त्याने गाडी पोस्टाच्या दारात चालूच ठेवली आणि आत गेला.

"वर्कशॉपची माणसं गाडी शोधत खालापूरपर्यंत जाऊन आली," वर्देसाहेब म्हणाले. "तिथं गाडी नाही. मातीत सील सापडलं त्यांना. कुणी तोडलं?"

"मी."

"दुरुस्ती कुणी केली?"

"मोहियुद्दीन मिस्त्रीने. सील मी तोडलं. त्यांनी नाय."

"तुम्हाला अट माहीत होती."

"व्हय साहेब. सही केलीय मी."

तारेवर खरखर चालू होती. बाहेर इंजिनचा एक ठोका चुकला, पुन्हा लागला.

"आवाज कसला येतोय?"

"गाडीचा. बंद करून चालत नाय. पाचवी खेप हाय वाडीची."

"किती माणसं आणली?"

"अठ्ठावीस. आनखी सा हायेत वर."

"दगावलं कुणी?"

"दवाखान्यात आल्यावर एक म्हातारा. त्याच्या आदी दोघी, बाजेवर. साहेब, पयल्या दिवशीच मी..." श्रीपतने पोस्टाच्या भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग मध्येच ऑपरेटरचा आवाज आला. तीन मिनिटं झाली होती.

"आणखी तीन द्या," वर्देसाहेब म्हणाले.

लाइन जोडलेलीच राहिली. श्रीपत रिसीव्हर कानाला लावून उभा होता. साहेबांच्या श्वासाचा आवाज त्याला ऐकू येत होता. "त्या दिवशी थांबा मीच म्हटलं होतं," एवढंच अखेर ते म्हणाले, आणि तेही इतकं हळू की ते पुन्हा बोलायला लावणं श्रीपतला बरं वाटलं नाही.