थोरला एस

“ह्या कागदावर तुमचं नाव काहून आलं, बाई?” पार्वतीबाईंनी आत्ताच छापून मिळालेला जुना रिपोर्ट खिडकीतून परत आत सरकवला. “तवा माही शुगर शालूबाईनं तपासली व्हती. तुमी कुठं होत्या इथं?”

सपनाने कागद उजेडात धरला. तपासणी आठ वर्षांपूर्वीची, आणि खाली ठसठशीत छापलेलं – तपासणारी : सपना खिल्लारे. तेव्हा ती सेनगावच्या या दवाखान्यात नोकरीलाही लागली नव्हती.

“बसा जरा,” ती म्हणाली आणि कागद घेऊन आतल्या खोलीत गेली. हिंगोलीहून आलेली पल्लवी सकाळपासून तिथे नवी यंत्रणा बसवत होती. आता हजेरी, औषधं, रिपोर्ट, सगळं एकाच लॉगिनने उघडणार होतं.

पल्लवीने स्क्रीनवर शोधलं. “सपनाताई, ‘एस खिल्लारे’ नावाची दोन खाती आहेत. एकाचा एस मोठ्या लिपीतला, दुसऱ्याचा लहान. हे कुणी केलं?”

“आमीच.”

शालूबाई सपनाची थोरली जाऊ. ती आधीपासून लॅबमध्ये होती. सपना लागली तेव्हा कॉम्प्युटर म्हणाला, हे नाव आधीच आहे. शालूबाईने लगेच निकाल लावला, “मी थोरली, माहा एस मोठा. तू धाकटी, तुला बारका.” जुन्या यंत्रणेला ते चाललं. तिच्या लेखी मोठं अक्षर आणि लहान अक्षर म्हणजे दोन निराळी माणसं. घरचा मानपान कीबोर्डवर आणला म्हणून डॉक्टर हसले होते. शालूबाई मात्र रोज सकाळी शिफ्टचं बटण अंगठा उठवावा तसं जोर लावून दाबायची. गेल्या वर्षी ती गेली.

“नवीन यंत्रणा हा फरक मानत नाही,” पल्लवी म्हणाली. “मोबाईलवर पहिलं अक्षर आपोआप मोठं होतं आणि लोक बाहेरच अडकतात. म्हणून आत येणारं प्रत्येक नाव आधी लहान अक्षरांत करून घेतो. त्यात तुम्ही दोघी एक झालात. मी ही खाती आता कायमची जोडूनच टाकते. रिपोर्ट काही हरवत नाहीत.”

“आन नाव?”

“तुमचं येईल सगळ्यांवर. त्या कुठं आता लॉगिन करणार आहेत?”

सपना हातातल्या कागदाकडे बघत राहिली. आकडा तोच राहणार होता. पण सुई शालूबाईने टोचली होती, पार्वतीबाईंचा दंड तिने धरला होता, त्या घाबरल्यावर चेष्टाही तिनेच केली असणार.

“तिचं काम माह्या नावावर नको, मॅडम.”

“मग एकीचं नाव बदलावं लागेल. तुम्ही रोज वापरता, तुमचं आहे ते राहू द्या. त्यांना दुसरं देते.”

“न्हाई. ती आधी आलती. हे तिचंच राहू द्या, मला दुसरं द्या.”

“पण त्यांचा एस आता लहानच दिसेल हं.”

सपनाला हसू आलं. “दिसू द्या. बारक्या अक्षरानं ती काय धाकटी व्हणार हाये?”

पल्लवीही हसली. तिने सपनाचं पूर्ण नाव टाकून नवं खातं उघडलं, शालूबाईचे रिपोर्ट वेगळे केले आणि कागद पुन्हा छापला. खिडकीशी पार्वतीबाईंनी बोट ठेवत ठेवत शेवटची ओळ वाचली.

“शालूबाई. आता बराबर,” त्या म्हणाल्या आणि कागदाची घडी करून पिशवीत ठेवली.

गर्दी ओसरल्यावर सपना कॉम्प्युटरपुढे बसली. तिने स्वतःचं अख्खं नाव पहिल्यांदाच टाकलं, सगळं लहान अक्षरांत. शिफ्ट लागलंच नाही. त्या बटणावरची अक्षरं केव्हाच झिजून गेली होती.

मग रोजच्यासारखा तिने स्पिरिटमध्ये कापूस भिजवला आणि एकेक बटण पुसत गेली. ते एक सोडून.