दिव्याच्या बेटावरची बाई

"आता सगळ्यांनी उजवीकडे बघा, आणि दोन मिनिटं कुणी बोलू नका," माइक तोंडाशी धरून ती म्हणाली, आणि चाळीस माणसांनी भरलेली लाँच खरोखरच चिडीचूप झाली.

हे तिला जमायचं. बंदरातल्या बेटांची सफर घडवणाऱ्या लाँचवर सव्वीस वर्षं ती गोष्टी सांगत होती. धक्क्यावर तिला सगळे भुताताई म्हणत. तिकीटवाले म्हणत, चहावाला म्हणे, आणि आता तीही फोन उचलल्यावर "हं, भुताताई बोलतेय" असंच म्हणायची. लाँचच्या सुकाणूवर तिचा सख्खा मोठा भाऊ. दादा बोलायला कंजूष. गोष्टी हिच्या, भोंगा त्याचा, अशी दोघांची वाटणी झाली होती.

पहिलं बेट किल्ल्याचं. तिथला पहारेकरी तीनशे वर्षांपूर्वी मेला, पण त्याला कुणी कळवलंच नाही. संध्याकाळी तटावर जो जाईल त्याला तो विचारतो, "माझी बदली आली का?" यावर लाँचमधले नोकरदार सगळ्यात मोठ्याने हसत. दुसरं बेट तापाचं. साथ आलेल्या जहाजांवरचे खलाशी तिथे आणून ठेवत. वाऱ्याचा मागमूस नसला तरी त्या बेटावर दोरीला वाळत घातलेल्या कपड्यांसारखं काहीतरी फडफडताना ऐकू येतं. इथे हसू कमी व्हायचं. आणि तिसरं, सगळ्यात बाहेरचं, दिव्याचं बेट.

"इथे दीपगृहाचा रखवालदार राहायचा," ती आवाज खाली आणून सांगू लागली. "बायको आणि दोन लहान मुलं. एका सकाळी असं धुकं पडलं की स्वतःचा हात दिसेना. मुलं खाली खेळत असतील म्हणून त्यांना बोलवायला ती पाण्याच्या पायऱ्यांवर उतरली. एक लाट आली. पायरी राहिली, बाई राहिली नाही. मुलं घरातच होती. पण तिला ते कुठे माहीत? म्हणून धुकं पडलं की ती अजून हाका मारते." मग डोळे मिटून, मऊ, लांबवलेल्या सुरात ती हाक मारायची, "या रे बाळांनो... घरी या..."

अंगावर काटा यायचा लोकांच्या. "तेव्हापासून इथून जाणारी प्रत्येक बोट दोनदा भोंगा देते. मुलगा घरी आहे, मुलगीही घरी आहे, हे तिला कळावं म्हणून." ती केबिनकडे बघायची. दादा दोनदा भोंगा द्यायचा.

ती मुलगी म्हणजे आपणच, हे मात्र तिने कधी कुणाला सांगितलं नाही. बाकीची भुतं तिने इकडून तिकडून गोळा केली होती, त्यांना तिखटमीठही लावलं होतं. ही गोष्ट तशी नव्हती. ती पाच वर्षांची होती तेव्हा बाबांनीच तिला त्या पायरीवर मांडीवर घेऊन सांगितलं होतं, "ऐकलंस? आई हाक मारतेय." आणि धुक्यात तोंड घालून ती ओरडली होती, "आले गं!" पुढे बाबांची बदली झाली, ते शहरात आले, बाबा गेले. तिचं लग्न जमता जमता राहिलं ते राहिलंच. दादा-वहिनीच्या घरातली मागची खोली आणि हा माइक, एवढा तिचा संसार. पण रोज दुपारी आईच्या दारावरून जाऊन येते, याचं तिला आत कुठेतरी समाधान होतं.

त्या दिवशी मागच्या बाकावर एक बाई एकटीच बसली होती. चाळिशीची, नर्सच्या कपड्यांवर स्वेटर घातलेला, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. ती ना किल्ल्याला हसली, ना तापाच्या बेटाला घाबरली. सगळे बेटाकडे बघत होते तेव्हा ती भुताताईकडे बघत होती. हाक ऐकल्यावर तिने रुमाल तोंडाला लावला.

धक्क्याला लागल्यावर सगळे उतरले, ती थांबली.

"काही राहिलंय का तुमचं?" भुताताईने विचारलं.

"तुमच्याशी बोलायचंय. इथे नको. बसू या कुठेतरी."

धक्क्याच्या टोकाला, दोरखंडांच्या ढिगापलीकडे एक बाकडं होतं. दोघी तिथे बसल्या. ती बाई म्हणाली, "तुमची आई गेल्या महिन्यात गेली. अठ्ठावीस तारखेला. माझ्याच हॉस्पिटलात."

भुताताईला वाटलं, या बाईचं डोकं ठिकाणावर नाही. अशी माणसं भेटत अधूनमधून, भुतांच्या गोष्टींमागे येणारी. ती समजुतीने म्हणाली, "काहीतरी गल्लत होतेय तुमची. माझी आई मी पाच वर्षांची असताना वारली."

"बुडाली. पायऱ्यांवरून. माहीत आहे मला." बाईने पर्समधून एक फोटो काढला. दीपगृहाच्या दारात एका कडेला तरुण बाई, तिच्याजवळ लहान मुलगी, शेजारी चड्डीतला मुलगा उन्हाने डोळे बारीक करून उभा. हाच फोटो घरी होता. फक्त घरच्या फोटोत बाईच्या जागी कात्रीने कापलेली कड होती. पाणी लागून तेवढाच भाग खराब झाला, असं बाबा म्हणायचे.

"ती बुडाली नाही," बाई म्हणाली. "सामानाच्या बोटीत बसून निघून गेली. सात वर्षं ती नवऱ्याला सांगत होती, बदली मागा, मला इथे वेड लागेल. पंधरा दिवसांनी एकदा माणसाचं तोंड दिसायचं म्हणे. त्यांनी अर्जच केला नाही कधी. पुढे ती शिवणकाम करून राहिली. चार वर्षांनी दुसरं लग्न केलं. मी तिची मुलगी."

समोर एक होडी रंगवायला उलटी टाकली होती. तिच्यावरून ब्रश फिरवणाऱ्या माणसाकडे भुताताई बघत राहिली. त्याची एक फळी रंगवून झाली. दुसरी झाली.

"कधी आठवण नाही आली तिला?" तिने विचारलं तेव्हा तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"आली होती ती. आठ वर्षांपूर्वी. तुमच्या लाँचवर बसली, सगळी गोष्ट ऐकली. घरी आली तेव्हा दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'माझी मुलगी छान बोलते गं.'"

"मग मला का नाही..."

"बोलणारच होती. पण उतरताना तुमच्या भावाने तिला ओळखलं. बाजूला घेऊन म्हणाला, 'आता नको. तिने तुला मेलेली धरून आयुष्य उभं केलंय, ते मोडू नकोस.' आईला ते पटलं. शेवटच्या आजारात मात्र रोज म्हणायची, तिला सांग. मी मेल्यावर तरी सांग."

भुताताईने भलतंच विचारलं. "तिचा आवाज कसा होता?"

बाईने फोन काढला, जुने निरोप धुंडाळले आणि एक लावून फोन तिच्या कानाशी धरला. खरखरीत, घाईचा, जरा चिडका आवाज आला. "अगं, फोन का नाही उचलत? येताना दोरा आण. निळा आण, काळा नको. आणि छत्री विसरलीस, दारामागे लटकतेय. भिजून येऊ नकोस, मला रात्रभर तुझं खोकणं ऐकवत नाही."

बास, एवढंच.

"परत लावा," भुताताई म्हणाली.

तिने तो निरोप पाच वेळा ऐकला. भूत नव्हतं ते. दोरा मागणारी, ओरडणारी एक बाई होती, आणि ओरडत होती दुसऱ्याच मुलीवर.

बाई गेली तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि लाँच धुऊन झालेली. दादा खाली वाकून इंजिनाचं झाकण बसवत होता. ती फळीवरून आत गेली आणि उभी राहिली.

"दादा, आई गेली. गेल्या महिन्यात."

त्याचा हात थांबला. झाकण तसंच तिरकं राहिलं. तो वळला नाही. "कोण आलं होतं?" त्याने विचारलं.

'काय बोलतेयस' असं त्याने विचारलं असतं, तर तिला अजून थोडा वेळ मिळाला असता.

"तुला सगळं माहीत होतं," ती म्हणाली.

"अकरा वर्षांचा होतो मी." तो तेलकट फडक्याने हात पुसत राहिला, स्वच्छ झाले तरी पुसत राहिला. "तिचं गाठोडं मीच बोटीपर्यंत नेलं. तू झोपली होतीस. ती म्हणाली, 'ताईला उठवू नकोस, ती उठली तर माझा पाय निघणार नाही.' मग बाबा म्हणाले, ताईला सांगायचं आई बुडाली. बुडालेल्या आईसाठी पोर रडेल आणि गप्प होईल. टाकून गेली म्हटलं तर जन्मभर स्वतःलाच खाईल."

"बाबांना जाऊन अठरा वर्षं झाली, दादा."

"हो, पण तोवर तू माइक धरला होतास. ती गोष्ट लोकांना सांगायला लागली होतीस. लोक रडायचे. मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? रोज म्हणायचो, उद्या सांगू."

"आणि भोंगा? तो कशाला द्यायचास?"

"तू माझ्याकडे बघायचीस ना," तो म्हणाला.

ती खाली बसली नाही की रडली नाही. आयुष्यभर तिने गोष्ट कुठे थांबवायची, कुठे पुढे न्यायची ते पाहिलं होतं. आता तिला एकच गोष्ट विचारायची होती. "तुला तिचा आवाज आठवत होता?"

"हो."

"मी माइकवर काढते तसा होता?"

त्याने मान हलवली. "नाही. ती कधी अशी मऊ बोललीच नाही. घाईत असायची नेहमी."

"सव्वीस वर्षं मी भलताच आवाज काढत होते, आणि तू तिथे बसून ऐकत होतास. एकदा म्हणाला असतास, 'ताई, आई अशी नव्हती बोलत.' बाकी काही सांगितलं नसतंस तरी चाललं असतं."

दादा तिरकं राहिलेलं झाकण सरळ करू लागला.

घरी वहिनीने ताटं वाढली होती. दोघांचे चेहरे बघून तिने पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला. तेवढ्यावरून भुताताईला कळलं. "वहिनी, तुम्हालासुद्धा?"

वहिनी ताटाकडे बघत म्हणाली, "लग्न झालं त्याच महिन्यात सांगितलं यांनी. मला शपथ घातली होती हो."

म्हणजे बत्तीस वर्षं. या घरात त्या कापलेल्या फोटोपुढे दरवर्षी दिवा लावायची ती एकटी, आणि ती लावत असताना मागे दोघं हात जोडून उभे राहायचे. काय वाटत असेल त्यांना? कीव? आधी शब्दांनी फसवलं, मग जोडलेल्या हातांनी, आणि सगळं मायेपोटी, म्हणजे भांडायलाही जागा ठेवली नाही. तिने ताट झाकून ठेवलं, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दादा दाराबाहेर येऊन उभा राहिला. तिला त्याची सावली दाराखालच्या फटीत दिसत होती. थोड्या वेळाने सावली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळेवर धक्क्यावर हजर होती. वहिनीने दिलेला डबा तिने घेतला नव्हता. दादाला वाटलं होतं ती येणार नाही. तिला पाहून तो लगबगीने फळी धरायला पुढे झाला. ती त्याचा हात न धरता चढली.

किल्ल्याचा पहारेकरी नेहमीसारखाच झाला, नोकरदार नेहमीसारखेच हसले. तापाचं बेटही झालं. मग दिव्याचं बेट आलं. पांढरा मनोरा, खाली उतरत गेलेल्या पायऱ्या, शेवटच्या दोन शेवाळलेल्या. दादाने वेग कमी केला. लोक तिच्याकडे बघू लागले.

"इथे एक बाई राहायची," ती म्हणाली. आवाज खाली आणला नाही, डोळे मिटले नाहीत. "सात वर्षं राहिली. तिला इथे राहायचं नव्हतं. तिने पुष्कळदा सांगितलं, कुणी ऐकलं नाही. मग एके दिवशी ती सामानाच्या बोटीत बसली आणि निघून गेली. दोन मुलं मागे ठेवून गेली. पुढे शिवणकाम करून जगली, गेल्या महिन्यात म्हातारी होऊन वारली. झालं."

कुणीतरी खाकरलं. पुढच्या बाकावरचा एकजण हिरमुसून म्हणाला, "अहो, म्हणजे इथे भूत नाही?"

"नाही."

केबिनच्या काचेआड दादा भोंग्याच्या दोरीशी हात नेऊन थांबला होता, तिने आपल्याकडे बघावं म्हणून. तिने बघितलं नाही. लाँच बेटाला वळसा घालून परत फिरली. ऊन आता समोरून येऊ लागलं.

तिने माइकची वायर नीट गुंडाळली आणि खोक्यात ठेवली. धक्का यायला अजून पाऊण तास होता. इतक्या वर्षांत ती या लाँचवर कधी बसली नव्हती, तिची जागा कायम उभं राहण्याची. कुठे बसावं ते तिला सुचेना. तेवढ्यात खिडकीशी बसलेली एक म्हातारी काही न विचारता पिशवी मांडीवर घेऊन थोडी सरकली. भुताताई तिच्या शेजारी बसली, आणि इतर प्रवाशांसारखी पाण्याकडे बघू लागली.