एक ‘मोकळं’ जास्तीचं

भिंगरीच्या हातात रिमोट दिसला की सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तोंडावर मात्र हसू ठेवावं लागायचं, कारण भिंगरी तिची सख्खी नणंद होती, चार वर्षांनी लहान होती, आणि वाईट म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं. तीच तर अडचण. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं, रागाच्या नावाखाली खपून जातं. चांगल्या माणसाचा हेवा करायचा तर सगळं आतल्या आत शिजवावं लागतं.

घरचा धंदा छपरांचा. बाबा, म्हणजे सासरे, तीस वर्षं शिड्या लावून लोकांच्या छपरांवर चढले, गळती शोधली, कौलं बदलली. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यांनी कॅमेऱ्याचा ड्रोन घेतला. आता आधी ड्रोन वर जाऊन फोटो काढतो, बाबा खाली बसून कुठे काय फुटलंय ते सांगतात, आणि मग सूनबाईचा नवरा माणसं घेऊन दुरुस्तीला चढतो.

तो ड्रोन उडवायला शिकायला घरातून पहिल्यांदा गेली ती सूनबाई. दहा दिवसांचा वर्ग होता, वर्गात ती एकटीच बाई. परत आली ती अशा तोऱ्यात की नवरा म्हणाला, “आता घरात शिरताना वरूनच येणार वाटतं!” आणि पंधरा दिवसांत तिला दिवस गेले. आधी ओकाऱ्या, मग डॉक्टरांनी झोपूनच राहायला सांगितलं. “तात्पुरतं मी बघते गं, वहिनी,” म्हणत भिंगरीने रिमोट उचलला.

तात्पुरतं हा मोठा लबाड शब्द. पाहुणा म्हणून येतो आणि पलंग अडवतो.

लेक नऊ महिन्यांची झाली, सूनबाई कामावर परतली, तेव्हा भिंगरी ड्रोन असा उडवत होती जसं आपण चप्पल पायात सरकवतो, न बघता. धुराड्याभोवती गिरकी घे, पन्हळीत नाक खुपस, एका हाताने केस कानामागे सार. आणि सूनबाईची बोटं? बोटांना लंगोट बदलणं येत होतं, अंधारात औषधाचे थेंब मोजणं येत होतं. रिमोटच्या दोन दांड्यांवर ठेवली की त्यांना घाम फुटायचा.

त्यात भर म्हणजे लेकीला लागलेलं आत्याचं वेड. आईच्या खांद्यावर तासभर किरकिर करणारी पोर आत्याने घेतली की दोन मिनिटांत मान टाकायची. झोपलेल्या पोरीचा उघडा चिमुकला तळवा भिंगरीच्या गळ्याशी बघून सूनबाईला वाटायचं, आधी माझं मशीन घेतलं हिने, आता हेही. असं वाटल्याची लाजही लगेच वाटायची. पण लाज वाटून हेवा कमी होत नाही. दोघं शेजारी शेजारी राहतात.

शेवटी बाबांनीच ओळखीच्या दुकानातून दुसरा ड्रोन महिनाभर वापरून बघायला आणला. “सूनबाई, हा तुझा,” ते म्हणाले. “महिन्यात एक आख्खं छप्पर एकटीने उडव, ठेवून घेऊ. नाही जमलं तर परत. मग तू ऑफिसात बसून फोटो लावत जा, तेही काम आहेच की.”

ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे बसून भिंगरीने काढलेले फोटो जन्मभर नीट लावायचे! सूनबाईने रोज सराव केला, पोर झोपली की मागच्या मोकळ्या जागेत. सरळ जाणं जमलं, उतरवणं जमलं. एकच जमेना. ड्रोनची पाठ आपल्याकडे असते तोवर सगळं सरळ असतं. त्याने तोंड आपल्याकडे फिरवलं की आपलं डावं ते त्याचं उजवं. तिथे तिच्या हातांचा गोंधळ उडायचा. म्हणून ती काय करायची, तर ड्रोन वळला की स्वतःच चालत त्याच्या पाठीमागे जायची.

“वासरू पुढे, गाय मागे,” बाबा म्हणाले होते. सगळे हसले. भिंगरी जरा जास्तच हसली, असं तिला वाटलं.

महिना सोमवारी संपणार होता. शनिवारी शाळेच्या इमारतीचं काम निघालं. सुट्टीमुळे शाळा रिकामी होती. लांबलचक कौलारू छप्पर, त्याच्या दोन उतरत्या बाजू: पुढचं पाखं मैदानाकडे, मागचं पाखं झाडांकडे. बाबा नातीला घेऊन गाडीत बसले. भिंगरी म्हणाली, “पुढचं मी उरकते, वहिनी. तू वर बघ.”

वर बघणं हे या कामातलं दुसऱ्या माणसाचं काम. उडवणाऱ्याचे डोळे स्क्रीनवर असतात. ड्रोनच्या मागे काय आहे ते त्याला दिसत नाही. म्हणून दुसऱ्याने आभाळात बघत राहायचं आणि बोलत राहायचं. बाबांचा नियम शिडीच्या काळापासूनचा होता. दोघं मिळून लांब पत्रा नेताना पुढचा म्हणत राहायचा, “मोकळं... मोकळं...” आणि मागचा पावलं टाकायचा. आवाज थांबला की पाय थांबला. ड्रोनलाही तोच नियम लागला.

भिंगरीने जवळचे फोटो पटापट घेतले. मग अख्खं पाखं एका फोटोत बसवायला ड्रोन उलट्या पावली मागे आणायला लागली, शाळेकडे तोंड आणि मैदानाकडे पाठ.

“मोकळं,” सूनबाई म्हणाली. “मोकळं.”

मैदानाच्या दोन खांबांमध्ये दिव्यांची एक तार होती. बारीक, आभाळाच्याच रंगाची. ड्रोनला स्वतःचे डोळे असतात, पण इतकी बारीक तार त्यांना दिसत नाही. सूनबाईला दिसली. ड्रोन तारेकडे सरकत होता, आणि गाडीच्या खिडकीतून बाबांचा आवाज आला, “वा गं भिंगरे! हात आहे की लोणी!”

“मोकळं,” सूनबाई म्हणाली.

शब्द बाहेर पडला आणि तिच्याच अंगावर काटा आला. “थांब!” ती किंचाळली.

भिंगरीने विचारलं नाही, वर पाहिलं नाही. दोन्ही अंगठे जागच्या जागी सोडले. ड्रोन हवेत लटकून राहिला. त्याचे पंखे आणि तार यांच्यात वीतभर अंतर उरलं होतं.

खाली उतरवल्यावर भिंगरीने तार पाहिली आणि छातीवर हात ठेवला. “बाई गं! ही कुणाला दिसणार होती? तू होतीस म्हणून वाचलं. मी ना, वहिनी, तू असलीस तरच मागे उडवते. दादा असला की नाही उडवत. त्याचं लक्ष फोनमध्ये असतं.”

तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सूनबाईने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे.

“मला दिसली होती.”

“हो ना, म्हणून तर...”

“आधी दिसली होती. शेवटचं मोकळं म्हणाले ना, त्याच्या आधी.”

भिंगरी बॅटरी काढत होती. तिचा हात तसाच राहिला. “म्हणजे?”

“म्हणजे दिसत असताना म्हणाले.”

“सवयीने निघालं असेल गं तोंडातून.”

“नाही. सवयीने नाही.”

मैदानाच्या टोकाला कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भिंगरीचा चेहरा हळूहळू उतरला.

“पडलं असतं तर काय मिळालं असतं तुला?”

“बाबा तुला ओरडले असते.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“एवढ्यासाठी?”

“हो.” रडायचा हक्क आपला नाही हे सूनबाईला कळत होतं. “तुला बाबांना सांगायचं तर सांग.”

भिंगरी तरातरा गाडीकडे गेली. सूनबाई लांबून बघत होती. बाबांनी काहीतरी विचारलं, भिंगरीने नकारार्थी मान हलवली, पोरीच्या तोंडाला लागलेला बिस्किटाचा चुरा पुसला, डिकी उघडली. परत आली ती दुसऱ्या ड्रोनची बॅग घेऊन. सूनबाईच्या पायाशी ती ठेवली, जरा आपटलीच.

“पुढच्याचे फोटो रद्द. आख्खं छप्पर एकटीने, असं म्हणालेत ना बाबा? दोन्ही पाखी तू उडव.”

“आत्ता?”

“मग काय, मुहूर्त काढू? सोमवारी जातोय तो.”

“आणि वर कोण बघणार?”

“मी.” भिंगरीने तिच्याकडे सरळ पाहिलं. “का? भीती वाटते?”

खोटं कशाला, वाटत होती. आपण जे केलं ते दुसराही करू शकतो, हे करणाऱ्यालाच सगळ्यात आधी सुचतं.

पुढचं पाखं सरळ होतं. ड्रोनची पाठ तिच्याकडे, आणि तारेपाशी भिंगरीने वेळेवर थांबवलं. ते निभावलं. मागच्या पाख्यात मात्र चालत जायची सोयच नव्हती. शाळेची भिंत आणि शेजारचं कुंपण एकमेकांना चिकटलेली. ड्रोन आढ्यावरून पलीकडे न्यायचा, तोंड शाळेकडे, म्हणजे तिच्याकडेच फिरवायचं, आणि झाडांच्या दिशेने मागे मागे न्यायचा. तिला त्याचा जेमतेम ठिपका दिसत होता. मागची झाडं फक्त कोपऱ्यावर उभ्या असलेल्या भिंगरीला दिसत होती.

“मोकळं,” भिंगरी म्हणाली. आवाज कोरडा, खिडकीमागच्या कारकुनासारखा.

सूनबाईने दांडी केसभर ओढली. या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही? मघाशी तिने हाच शब्द नासवला होता, आता तोच गिळायचा होता.

“मोकळं.”

ड्रोन वळला. स्क्रीनवर कौलं आली, आणि कौलांच्या पलीकडे मैदानात एक बारकीशी बाई, मान खाली घालून उभी. ती आपणच, हे कळायला क्षण गेला. तेवढ्यात ड्रोन धुराड्याकडे सरकायला लागला. तिने उजवीकडे घेतलं, तो आणखी धुराड्याकडे.

“थांब!”

तिने अंगठे सोडले.

“उलटं झालंय. तुझं डावं ते त्याचं उजवं.”

“माहितीय मला!”

“माहितीय तर कर ना! मला काय सांगतेस?”

सूनबाईने हात पॅंटला पुसले आणि डावीकडे घेतलं. धुराडं बाजूला झालं.

“मोकळं,” भिंगरी म्हणाली. आणि मग, आवाज न चढवता, न थांबता बोलायलाच लागली. “तू झोपून होतीस ना तेव्हा... मोकळं... मी रोज बाबांच्या तोंडून ऐकायचे. सूनबाईचा हात बघ कसा स्थिर होता. मोकळं. सूनबाई असती तर एव्हाना दोन छपरं झाली असती. मोकळं, ये मागे. एकदा मी झाडात घातला तर बाबा म्हणाले, शिकलेल्या माणसाचं काम शिकलेल्या माणसाने करावं. मोकळं. मला वाटायचं, तू परत येऊच नयेस कामाला. मोकळं. तुझ्या पोटात बाळ होतं आणि मी असलं काय काय मनात आणायचे. मोकळं. अजून ये. मोकळं.”

सूनबाई ऐकत होती, आणि तिच्या आत काहीतरी विचित्र घडत होतं. खरं तर वाईट वाटायला हवं होतं, नणंदेला जाऊन जवळ घ्यावंसं वाटायला हवं होतं. पण वाटला तो आनंद, चोरून साखर खाल्ल्यासारखा. ही जळत होती! माझ्यावर! मी बादली उशाशी घेऊन पडले होते आणि ही माझ्या हातांवर जळत होती! त्या आनंदात तिचे खांदे खाली आले, अंगठे हलके झाले. डावं-उजवं ती विसरलीच. जिकडे जायचं तिकडे ड्रोन जायला लागला. चांगल्या विचारांनी बळ येतं म्हणतात. येत असेल. तिला यानेही आलं.

अख्खं पाखं स्क्रीनमध्ये मावलं. तिने फोटो घेतला. मग कुणी सांगितलं नसताना ड्रोन खाली नेला आणि पन्हळीच्या कडेने हळूहळू, तोंड स्वतःकडेच ठेवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणला.

“ए, तिथे कशाला गेलीस?” भिंगरी ओरडली.

“पन्हळ बघायला.”

“मी नाही जात तिथे. झाड जवळ आहे.”

“मोकळं आहे का ते सांग.”

भिंगरीने मान उंचावून पाहिलं. “आहे,” ती म्हणाली, जराशी नाइलाजाने. “मोकळं.”

ड्रोन उतरल्यावर सूनबाई रिमोट घेऊन गाडीपाशी गेली. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, नातीला एका मांडीवर सरकवलं आणि फोटो एकेक करून बघितले. सात कौलं फुटलेली, आढ्याला भेग. पन्हळीच्या फोटोवर ते थांबले. आत पानांचा लगदा होता आणि खालच्या लाकडाला काळी बुरशी.

“गळती इथून आहे,” ते म्हणाले. “कौलांमधून नाहीच. हे कुणी काढलं?”

“मी.”

“बघ, भिंगरे. असं काढायचं असतं.”

भिंगरीचे ओठ आवळले. तिने फोटो मागून घेतला आणि दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, कुठे धूसर आहे का, कुठे वाकडा आहे का ते शोधत. तो शोध सूनबाईने लगेच ओळखला. तिची कीव करावी की मजा घ्यावी, हे ठरवेपर्यंत थोडी मजा घेऊन झाली होती.

“बाबा,” सूनबाई म्हणाली, “तुम्ही ना, आम्हाला एकमेकींचं उदाहरण देणं बंद करा.”

“का? दोघी शिकलात की नाही?”

बाबा स्वतःवर खूश होते. “सोमवारी दुकानात कळवतो, ठेवतोय म्हणून. बुधवारी पाण्याची उंच टाकी आहे. कोण उडवणार?”

“मी,” दोघी एकदम म्हणाल्या.

बाबा हसले. त्या दोघी हसल्या नाहीत.

“आधी विचारलं कुणाला ते सांगा,” भिंगरी म्हणाली.

“दोघींना विचारलं.”

“मग मी उडवते, वहिनी वर बघेल.”

“मी उडवते,” सूनबाई म्हणाली, “आणि तू बघ. तू चांगलं बघतेस.”

पोर आत्याकडे झेपावली होती. भिंगरीने तिला घेतलं, आणि कडेवर घेऊनच, एका हाताने, सूनबाईच्या ड्रोनचे पंखे एकेक करून मिटायला लागली. सूनबाईने पाहिलं. पंखे बरोबर मिटले जात होते. तरी शेवटचे दोन तिने आपल्या हाताने मिटले.